होडीखालची केळ

माझं लग्न ठरवताना मला शिवण येतं का, स्वयंपाक किती माणसांचा जमतो, चष्मा लागला आहे का, हे सगळं विचारून झालं. पाण्याची भीती वाटते का, एवढंच कुणी विचारलं नाही. मी माणदेशातली. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी लांबून चमकणारा एक तुकडा. तो वर यायला अर्धा तास पोहरा सोडायचा आणि आला की घागर डोक्यावर घेऊन सरळ घरी. पाण्यात जायचं असतं, हे मला उमेळ्याला सासरी आल्यावर कळलं.

माझे यजमान एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढायची आणि घरी येऊन स्वतःचं काहीतरी करायचं, असा त्यांचा स्वभाव. आधी त्यांनी रेडिओ केला, मग नारळ सोलायचं एक यंत्र केलं. ते नारळ सोडून बाकी सगळं सोलत असे. तोवर माझी हरकत नव्हती. ऐंशी सालच्या आसपास त्यांना फुटपाथवरच्या रद्दीत एक परदेशी मासिक मिळालं. त्यात अठरा फुटी शिडाच्या होडीचा आराखडा होता. त्या दिवसापासून आमच्या संसारात सवत आली.

वाडीत, म्हणजे घरच्या बागेत, आंब्याखाली नारळाच्या झापांचा मांडव घातला आणि त्यात होडी उभी राहू लागली. पाचूबंदरच्या कोळ्यांच्या होड्या जाड लाकडाच्या, एकेका फळीला दोन माणसं लागणाऱ्या. ही मात्र प्लायवूडची, रंगाचे थर देऊन गुळगुळीत केलेली. शीड एका मंडपवाल्याकडून शिवून घेतलं. डोलकाठी अर्नाळ्याच्या बाजूच्या सुरूच्या झाडाची. तीन वर्षं प्रत्येक रविवार त्या मांडवात गेला. मी चहा घेऊन जायची, ह्यांना त्या फळ्यांवर हात फिरवताना बघायची आणि मनात म्हणायची की ही बया एक दिवस माझ्या माणसाला खाणार. तोंडाने काही बोलले नाही असं नाही. भरपूर बोलले. पण हे हसायचे आणि म्हणायचे, पहिल्यांदा तुलाच बसवणार आहे.

मला खरंच भीती वाटत होती.  प्लायवूड म्हणजे पातळ पापुद्रे चिकटवलेली फळी, हे मला त्यांनीच एकदा कौतुकाने समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. कुठेतरी बारीकशी चीर गेली आहे, ती कुणाला दिसलेली नाही, आणि मधल्या पाण्यात ती उघडते. ह्यांना पोहता येत होतं, पण मी पोहणारे बुडाल्याचंच ऐकलं होतं. न पोहणारे आमच्या गावात सगळे म्हातारे होऊन मेले.

घरात माझ्या बाजूचं एकच माणूस होतं, ते म्हणजे मामंजी, माझे सासरे. केळी आणि फुलांचे बागायतदार. समुद्र घरापासून तासाभराच्या अंतरावर, पण त्यात त्यांनी कधी गुडघ्यापलीकडे पाय घातला नव्हता. घरची बोली वेगळी, ती मला पटकन कळत नसे, म्हणून माझ्याशी ते सावकाश, शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. वाडीतलं सगळं मला मामंजींनी शिकवलं. घड कधी उतरवायचा, बुंध्याशी फुटलेली पिल्लं कुठली ठेवायची, चिकाने माखलेले हात कशाने धुवायचे. आणि हेही की नाजूक वस्तू गाडीतून न्यायची तर खाली केळीची खोडं उभी फोडून अंथरायची. नवे माठ आणायचे तर खोडं, गणपती आणायचा तर खोडं. बैलगाडी कितीही उसळली तरी वरच्या वस्तूला धक्का लागत नाही. ते मी नीट लक्षात ठेवलं होतं.

होडी पाण्यात घालायचा दिवस ठरला. भरती सकाळी उशिरा होती. एका जुन्या जीपचा आख घेऊन ह्यांनी स्टेशनजवळच्या वेल्डरकडून दोनचाकी ट्रेलर करून घेतला होता, आणि तो ओढायला विटांच्या भट्टीवरचा ट्रॅक्टर सांगितला होता. आदल्या दिवशी वाडीतल्या आठ-दहा माणसांनी होडी उचलून ट्रेलरवर चढवली. खाली ह्यांनी काथ्याने भरलेली गोणपाटं खिळ्यांनी ठोकली होती आणि वरून चार दोर बांधले होते. सकाळी हे सायकलवर ट्रॅक्टरवाल्याला आणायला गेले.

मी ट्रेलरभोवती फिरून बघितलं. गोणपाटं मला फारच पातळ वाटली. उमेळ्याहून पापडी, पापडीहून पारनाका, पुढे किल्ल्याच्या कडेने पाचूबंदर. तो रस्ता मला माहीत होता. त्या रस्त्याने एसटीत बसून गेलं तरी कंबर धरायची. ह्या पापुद्र्यांच्या होडीला रस्त्यातच चीर जाणार आणि ती कुणाला दिसणार नाही, हे मला लख्ख कळलं. मी मामंजींना हाक मारली आणि म्हटलं की आपण खाली केळीची खोडं घालू या.

ते इतके खूश झाले की काय सांगू. देशावरची मुलगी शेवटी बागायतदारीण झाली, असं म्हणाले. सासऱ्यांनी तोंडावर केलेली ती पहिली स्तुती. आम्ही दोघांनी घड उतरवलेल्या चार केळी पाडल्या, खोडं उभी चिरली. त्यांनी बांबू घालून होडीची एकेक बाजू जराशी उचलून धरायची आणि मी ओलं खोड आत सरकवायचं. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत चिकाने भरलं. चार ठिकाणी दोर पुन्हा ताणून बांधले. होडी हिरव्यागार गादीवर बसल्यासारखी दिसू लागली, आणि कितीतरी महिन्यांनी मी तिच्याकडे निवांत बघू शकले.

ट्रॅक्टर घेऊन हे आले ते घाईतच. भरती कुणासाठी थांबत नाही, असं सारखं चाललेलं. ट्रेलर अडकवताना त्यांना खोडं दिसली. ते हसले आणि मामंजींना म्हणाले, "बाबा, होडी आहे ती, केळ्याचा घड नव्हे." मामंजीही हसले. मी सांगणार होते की ही माझी अक्कल आहे, पण ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्या आवाजात ते राहून गेलं. राहून गेलं ते गेलंच.

मामंजी आणि मी ट्रॅक्टरवर मागे धरून बसलो. हे सायकलवर ट्रेलरच्या मागे, डोळे होडीवर. रस्त्याने लोक उभे राहून बघत होते. पापडीला बाजाराचा दिवस असावा, गर्दी होती, आणि कुणीतरी ओरडून विचारलं की ही आगबोट कुठे निघाली. प्रत्येक खड्ड्यात होडी उडायची आणि पुन्हा मऊ बसायची, आणि मामंजी मला कोपराने ढोसून म्हणायचे, बघ. मीही बघत होते. खोडांचा चेंदा होऊन पाणी गळायला लागलं होतं, रस्त्यावर ओला पट्टा उठत होता. ते पाणी बघून मला तर उलट बरंच वाटलं. धक्के खोडांनी घेतले, होडीने नाही.

पाचूबंदरला पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव आटोपला होता. किनाऱ्याशी पाण्यात उतरत जाणारा दगडी उतार होता, अर्धा शेवाळलेला. तिथे एक म्हातारे तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, त्यांचा शब्द तिथे शेवटचा. त्यांनी ट्रेलरकडे एकदा बघितलं आणि ह्यांना म्हणाले की पाणी अजून हातभर चढू दे, मग आमची माणसं लावतो, हाताहाताने उतरवू. ह्यांनी नम्रपणे सांगितलं की ट्रेलर आहे, माणसं लागणार नाहीत. ट्रॅक्टर मागे नेला की ट्रेलर पाण्यात जाईल आणि होडी आपोआप तरंगेल. मासिकात तसंच चित्र होतं. तांडेलांनी आग्रह केला नाही. फक्त म्हणाले की घरच्या बाईने आधी होडीला कुंकू लावू दे.

मी कुंकू लावलं. टिळा ओढताना बोट घसरलं आणि तो नाकासारखा खाली ओघळला. कोळणी हसल्या, मग एकीने येऊन माझा खांदा दाबला. तिला कळलं असणार.

मग काम वाटून दिलं. ट्रॅक्टरवाल्याने मागे मागे यायचं. ह्यांनी ट्रेलरच्या मागे पाण्यात उभं राहून दिशा दाखवायची. मी चाकाजवळ दोन मोठे दगड घेऊन उभं राहायचं, आणि ह्यांनी "लाव" म्हटलं की चाकाखाली सारायचे, म्हणजे ट्रेलर थांबेल. मामंजी वर कोरड्यात. चाकं पाण्याला लागली तशी ह्यांनी मागचे दोन दोर सोडले. पुढचे दोन अजून होते. त्यातला माझ्या बाजूचा दोर सैल लोंबत असलेला मला दिसला. सकाळी मी आणि मामंजींनी तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला होता. मला वाटलं ह्यांनीच सैल केला असेल, त्यांना माहीत असेल काय करायचं ते. माझ्या सगळ्या आयुष्यात मी नवऱ्यावर जितक्या वेळा विश्वास ठेवला, त्यातली ही एकच वेळ मला परत हवी आहे.

"लाव," हे म्हणाले. मी दगड सारले. ट्रेलर हिसका देऊन थांबला. होडी थांबली नाही.

आवाज असा झालाच नाही. केळीच्या चेंद्यावरून होडी सरकन मागे आली, त्या सैल दोरांतून निसटली आणि ह्यांच्या छातीवर गेली. ते पडले. होडी त्यांच्यावरून गेली आणि पाण्यात तरंगू लागली, छान, अगदी मासिकातल्यासारखी. तिच्यात कुणी नव्हतं आणि तिच्या आसपासही कुणी दिसत नव्हतं. गढूळ पाणी आणि त्यावर केळीच्या खोडाची हिरवी सोपटं.

मी ओरडले नाही. मला पुढे पाऊल टाकता आलं नाही. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते समोर घडत होतं आणि मी एक हात चाकावर ठेवून नुसती उभी होते. डोक्यात एकच विचार होता, की आता पाणी परत गुळगुळीत होईल. मामंजी धोतरासकट माझ्या बाजूने धावत पाण्यात गेले. ज्या माणसाने जन्मात गुडघ्यापलीकडे पाण्यात पाय टाकला नव्हता तो छातीभर पाण्यात हातांनी चाचपत होता. त्यांच्या मागून तांडेल आणि तीन-चार माणसं उतरली. त्यांनी होडीची एक बाजू उचलली, खालून हात धरला आणि ह्यांना बाहेर ओढलं. तोंडात चिखल, डोळे उघडे. डावा पाय गुडघ्याखाली असा वळला होता की तो बघून मी खाली बसले.

उलटी झाली, खोकला झाला, आणि ह्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो हा, की होडीला काही लागलं नाही ना. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी त्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

कोणीतरी टेम्पो आणायला गेलं. कोळणींनी पायाला दोन्ही बाजूंनी फळकुटं लावून फडकं बांधलं. तेवढ्यात तांडेलांनी उतारावरचं एक चेंदलेलं सोपट उचललं, बोटांत चोळून बघितलं आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

"हे केलीचं कोनी घातलं?" त्यांनी विचारलं. "होडी पान्यात लोटायची तवा आमी लाकडावर मासलीचं तेल लावतो, सरकाया. तुमी तं घरूनच लावून आनलंत."

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. ओली केळ दबली, होडी तेवढी खाली बसली, म्हणून दोर सैल झाले. सपाट रस्त्यावर ते कळलं नाही. उताराला आल्यावर होडीला धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं. आमच्या वाडीत उतार नव्हता. माठ, गणपती, सगळं सपाट रस्त्याने आलं होतं.

मला तोंड उघडायचं होतं. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत चिकाने काळं झालेलं. कुणी नीट बघितलं असतं तर उत्तर तिथेच होतं. हे जमिनीवर पडून माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत काय येईल ह्याची मला समुद्रापेक्षा जास्त भीती वाटली.

"मी," मामंजी म्हणाले. "मीच घातलं."

त्यांच्या ओल्या धोतरातून पाणी गळत होतं. ह्यांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा, यापुढे तुम्ही तुमच्या वाडीतच राहा," हे म्हणाले.

मी लुगड्याचा चिकट काठ पायांखाली ओढून घेतला.

प्लॅस्टर निघायला तीन महिने लागले आणि पाय कधीच सरळ झाला नाही. पण पायापेक्षा जास्त दिवस लागले ते बापलेकांच्या बोलण्याला. हे वडिलांशी कामापुरतंच बोलत, आणि तेही माझ्यामार्फत. जेवताना मी एकाच्या ताटात वाढायचे, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्ही ताटांच्या मधे ते एक वाक्य मनात जुळवत राहायचे. आज सांगू, उद्या सांगू. प्लॅस्टर निघाल्यावर सांगू. पाय थोडा चालू लागल्यावर सांगू. पाय चालू लागला तो लंगडत, आणि प्रत्येक पावलाने मला नवीन भीती घातली. ते लुगडं मी दोनदा उकळलं. केळीचा चीक जात नाही, हे मला माहीत होतं तरी उकळलं. शेवटी गोधडीत आतल्या बाजूला घातलं.

पुढच्या वर्षापासून होडी रविवारी पाचूबंदरहून निघू लागली. ह्या वेळी तांडेलांची माणसं हाताहाताने उतरवत. आमच्या आळीतले बहुतेक सगळे एकेकदा बसून आले. मीही एकदा बसले, डोळे मिटून, आणि उतरल्यावर पुन्हा कधी नाही. मामंजींना कुणी विचारलं नाही. ते म्हणत, मला पाण्याचं वेड नाही, मी फुलं घेऊन बाजारात जातो.

एका रविवारी मी किनाऱ्यावर वाट बघून कंटाळले म्हणून किल्ल्याच्या तटाकडे गेले. तिथे मामंजींची सायकल भिंतीला टेकलेली दिसली. टोपलीत फुलं नव्हती. ते तटावर बसून समुद्राकडे बघत होते, जिथे आमचं पांढरं शीड होतं. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे उठायला लागले.

मी त्यांच्याजवळ बसले आणि जे एक वर्ष गिळलं होतं ते विचारलं. तुम्ही का घेतलंत अंगावर?

ते पुन्हा खाली बसले. मग त्यांच्या त्या सावकाश, पुस्तकी मराठीत बोलले.

"मी बाप आहे. माझ्यावर रागावून तो जाईल कुठे? तू मात्र तुझं गाव सोडून आलीस. इथे तुला त्याच्याशिवाय दुसरं कोण होतं?"

मी म्हटलं, मी आज संध्याकाळी सांगते. त्यांनी हात हलवून नको म्हटलं. मी आहे तोवर सांगू नकोस, म्हणाले, आता तो बोलायला लागलाय माझ्याशी, कालच तंबाखूला चुना मागितला. मी गेल्यावर तुझं तू बघ.

त्यानंतर ते सात-आठ वर्षं होते. बापलेकांचं बोलणं चुन्यावरून हळूहळू पिकापाण्यावर आलं, पण होडीचा विषय निघाला की हे उठून जात. मामंजी गेले, आणि माझ्यावरचं बंधन संपलं. मी सांगितलं नाही. सुतक आहे म्हणून नाही, मग वर्षश्राद्ध होऊ दे म्हणून नाही, मग वाडी विकायची गडबड होती. होडी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकली होती. वाडीवर इमारत आली, आम्ही एव्हरशाईन सिटीत फ्लॅटमध्ये आलो. पाहुण्यांनी पायाचं विचारलं की हे आजही ती गोष्ट सांगतात. आता हसून सांगतात, राग गेला आहे. "आमचे बाबा म्हणजे असे बागायतदार, होडीसुद्धा केळीवर नेली त्यांनी," असं म्हणतात. पाहुणे हसतात. मी चहाचे कप उचलून आत जाते.

मी लिहिलेलं सगळं आधी हे वाचतात. लाल पेन्सिल घेऊन माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात आणि मग कुठे कागद घराबाहेर जातात. आज मी दुपारपासून लिहिते आहे हे त्यांना दिसलं आहे. पलीकडच्या खोलीत ते डावा पाय चोळत बसले आहेत, आणि आत्ताच हाक आली, झालं का, आण इकडे.

मी उठले आहे. कागद हातात आहेत आणि त्यांवर लाल पेन्सिलही ठेवली आहे.